आमच्या पार्किंगखालची खण : आठवण कुणी ठेवायची?

उपनगरवाला | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

विषय सुरू झाला कोल्हापुरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगपासून. गेल्या पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यातले पेव्हर ब्लॉक बसले, म्हणजे चांगले वीतभर. उचलून मुरूम टाकून परत बसवले, दिवाळीपर्यंत परत खाली. तिसऱ्यांदा गवंड्यानं पहार मारली तर पहार लोण्यात गेल्यासारखी मुठीपर्यंत आत, आणि वर काढली तर टोकाला काळा राड आणि निळ्या कॅरीबॅगेचा तुकडा, पूर्वी किराणावाले द्यायचे तसली पातळ. वास असा की गवंडी म्हणाला, "सायेब, खाली गटार हाय काय?" गटार नाही, मी स्वतः ड्रेनेजचा नकाशा बघितलाय.

मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या आमच्या मामंजींना विचारा, ते इथंच दगड फोडायचे. आजोबांचं वय ८० च्या पुढं, काठी टेकत आले, पार्किंगमध्ये उभं राहून इकडं तिकडं बघितलं, पाण्याची टाकी कुठं आहे विचारलं, टेंबलाईची टेकडी कुठल्या अंगाला ते विचारलं आणि मग काठीनं माझ्या गाडीकडं दाखवलं. "हितं आमची शिडी हुती. हितनं खाली साठ फूट."

आता खरी गोष्ट. मी याच खणीत पोहायला शिकलोय. पाठीला डबा बांधून, चुलत्यानं वरनं ढकलून दिल्यालं. आणि गेली अकरा वर्षं मी तिथंच गाडी लावतोय आणि मला एकदाही कळलं नाही की ही तीच जागा! मधे खण कचऱ्यानं भरली, वर मुरूम पडला, रस्ता वळला, चिंचेचं झाड गेलं, आणि डोक्यातला सगळा नकाशा पुसला गेला. साठ फुटाचा खड्डा, एका माणसाच्या हयातीत, त्याच माणसाच्या डोक्यातनं गायब.

तेव्हापासून जुन्या खाणींबद्दल वाचत सुटलोय आणि रात्री झोप उडालीय. कॅनडात यलोनाइफ गावाला लागून जायंट माइन म्हणून सोन्याची खाण होती, १९४८ ते २००४. तिथलं सोनं आर्सेनिकवाल्या दगडात अडकलेलं, ते सुटावं म्हणून दगड भाजायचे आणि भाजला की सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, धुरातनं बाहेर. सुरुवातीला ते तसंच हवेत सोडलं. १९५१ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी देने लोकांचं एक लहान पोर बर्फाच्या पाण्यातनं ते पोटात जाऊन मेलं. मग धूर गाळायला लागले, आणि गाळलेली भुकटी खाणीतच खोल्या करून कोंडली. आज तिथं जमिनीखाली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आहे. पाण्यात विरघळतं, चव नाही, वास नाही. कंपनी १९९९ ला दिवाळखोरीत गेली आणि सगळं सरकारच्या गळ्यात पडलं.

उपाय काय, तर त्या खोल्यांच्या भोवतीची जमीन कायमची गोठवून ठेवायची. थर्मोसायफन म्हणून नळ्या असतात, थंडीत त्या जमिनीतली उष्णता आपसूक बाहेर टाकतात, त्याला वीज लागत नाही. पण नळ्यांना माणूस लागतो. किती वर्षं? तर अणुकचऱ्याचं विष निदान हळूहळू उतरतं, आर्सेनिकचं उतरतच नाही. कायम म्हणजे कायम. तिथल्या लोकांनी भांडून असं करून घेतलं की ही योजना जास्तीत जास्त १०० वर्षांचीच धरायची आणि दर २० वर्षांनी बाहेरच्या माणसांकडनं तपासायची, म्हणजे 'झालं, गोठवलं, विसरा' असं कुणाला म्हणता येणार नाही.

हे वाचून माझा प्रश्न एवढाच. ते शंभर-हजार वर्षांचा विचार करायलेत, आणि आपल्याला तीस वर्षांपूर्वीची खण लक्षात राहत नाही. असल्या गोष्टींची आठवण ठेवायची कशी आणि कुणी?

---

मिसळकट | सोमवार, रात्री ११:०५

भावा, बिल्डरला धर की. कॅनडा कशाला 😄

---

उपनगरवाला | सोमवार, रात्री ११:१९

त्यानं सपाट प्लॉट घेतला होता. त्याच्या आधीच्यानं भरून विकला. भरणाऱ्यानं कचरा फुकट मिळाला म्हणून घेतला. त्याच्या आधीचा खणीचा मालक वारला. कागदावर सगळेच बरोबर आहेत, धरू कुणाला?

---

रंकाळावेस | मंगळवार, सकाळी ७:३०

अहो तुम्ही साठ फुटाचं काय घेऊन बसलाय, आपला अख्खा रंकाळा ही खणच आहे की. जुनी माणसं सांगायची, अंबाबाईच्या देवळाचा दगड तिथनं काढला, मग आठव्या-नवव्या शतकात कधीतरी भूकंप झाला आणि खालनं पाणी लागून तळं झालं. खरंखोटं इतिहासवाल्यांनी बघावं, पण हजार वर्षांनी सुद्धा कोल्हापुरातलं पोरगं सांगतंय की हितं खाण होती. आणि तुमची तीस वर्षांत गायब झाली. का? तर रंकाळ्यावर लोक रोज फिरायला जातात, भेळ खातात, पाणी उतरलं की संध्यामठ दिसायला लागला म्हणून एकमेकाला फोन करतात. इराणी खणीचं तेच, गणपती विसर्जनामुळं आज शेंबड्या पोराला पण इराणी खण कुठं ते ठावं आहे. ज्या खणीवर माणसाचं येणंजाणं राहिलं ती नावासकट राहिली, आणि जी कचऱ्यानं बुजवली तिचं नाव पण बुजलं.

अजून एक. रंकाळ्यावरचा नंदी माहितीय ना? रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी अंबाबाईच्या देवळात पोचेल त्या दिवशी प्रलय. आजी सांगायची तेव्हा मी हिशोब करायचो, गव्हातनं तांदूळ वजा केला तर दिवसाला किती, वर्षाला किती 😀 पण आता वाटतं, रोज इतकंइतकं सरकणारा धोका, जो कुणाच्याच हयातीत पोचत नाही पण थांबत पण नाही, हे आमच्या आजीला कॅनडाच्या आधीपासनं कळत होतं.

---

मिसळकट | मंगळवार, सकाळी ७:५२

नंदीचा हिशोब भारी. तांदूळ आंबेमोहोर धरायचा की बासमती? बासमती धरला तर नंदी मागंच जायला लागेल, जग वाचलं 🙏

---

धनबादकर | मंगळवार, दुपारी २:१५

मूळचा गडहिंग्लजचा, नोकरी झरिया-धनबाद पट्ट्यात, कोळसा खाणीत सर्व्हेयर, रिटायर होऊन परत आलोय. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्यात जुन्या खाणीची आठवण हा जीव वाचण्याचा विषय असतो. २७ डिसेंबर १९७५, चासनाला कोळसा खाण. वरच्या अंगाला जुनं सोडून दिलेलं काम, त्यात वर्षानुवर्षं पाणी साठलेलं, ते फुटून खालच्या चालू कामात शिरलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली, एका पाळीची जवळजवळ सगळी. मी भरती झालो तेव्हा त्या पाळीतल्या माणसांचे भाऊ-पुतणे आमच्यासोबत होते, चहाच्या टपरीवर कुणी त्यावर बोलायचं नाही पण नव्या पोराला पहिली गोष्ट तीच कळायची. बरं त्यातनं शिकलो म्हणावं तर २ फेब्रुवारी २००१ ला बागडिगी, परत शेजारच्या बंद खाणीतलं पाणी, २९ जण.

नियम आहे. जुन्या पाण्यानं भरलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं असेल तर परवानगी काढायची, आणि पुढं लांब भोकं मारत मारत जायचं, म्हणजे पाणी असलंच तर भोकातनं आधी कळतं. पण साठ मीटर मोजायचे कुठनं? जुन्या नकाशावरच्या रेषेपासनं. आणि ती रेषा खरी असेल तर! मी स्वतः कापडावर चिकटवलेले जुने प्लान हाताळलेत, ओल लागून शाई फुटलेली, उत्तर दिशेचा बाण एका शीटवर एकीकडं नि दुसऱ्यावर दुसरीकडं. त्यात जुना मालक बंद करायच्या आधी शेवटचे दोनतीन महिने जमेल तेवढा कोळसा ओरबाडून घ्यायचा, ते नकाशावर येतच नाही. आमचे एक वृद्ध ओव्हरमन होते, ते कान लावून आणि हात लावून सांगायचे की पलीकडं गोफ, म्हणजे कोळसा काढून सोडलेली पोकळी, आहे. दगडाला घाम येतो म्हणायचे. त्यांच्या सांगण्यावरनं आम्ही दोनदा काम थांबवलंय, कागदावर कारण मात्र वेगळं लिहिलं, कारण 'दगडाला घाम आला' असं रिपोर्टात कसं लिहिणार!

हे फक्त आपल्याकडंच नाही. २००२ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात क्वीक्रीक खाणीत नऊ जण असेच अडकले, शेजारच्या बंद खाणीचा जुना नकाशा अपुरा होता म्हणून. ७७ तासांनी सगळे जिवंत निघाले, नशीब. त्या बंद खाणीचा शेवटचा नकाशा नंतर एका म्युझियमात सापडला. म्हणजे आठवण होती, पण जिथं पाहिजे तिथं नव्हती.

उपनगरवाले, तुमच्यासाठी कामाचं: कचऱ्याची भर दहा-वीस वर्षं बसतच राहते, आतलं कुजतं तसं. कुजताना मिथेन होतो. तळमजल्याला बंद खोली, मीटर रूम, लिफ्टचा खड्डा असलं काही त्या बाजूला असेल तर हवा खेळती ठेवा आणि तिथं काडी ओढू नका, चेष्टा नाही. बोअर असेल तर ते पाणी तपासल्याशिवाय प्यायचं बंद. आपल्या काळ्या दगडाला भेगा असतात, खणीतला राड त्या भेगांतनं कुठवर जाईल सांगता येत नाही. आणि पेव्हर बदलत बसू नका, आधी बिल्डिंगचा त्या बाजूचा कॉलम कशावर उभा आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनं बघून घ्या.

---

उपनगरवाला | मंगळवार, दुपारी २:४०

काका, मीटर रूम बरोब्बर तिथंच आहे. आत्ता वॉचमनला सांगून दार उघडं ठेवायला लावलंय. तो तिथंच बिडी ओढत बसायचा 🙏🙏

---

एसेनचा_कोल्हापुरी | मंगळवार, रात्री ९:१०

जर्मनीत रुअर भागात राहतोय. हितं शंभर-दीडशे वर्षं कोळसा काढला, शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली, शेवटचं ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिलं, माझ्या ऑफिसातली म्हातारी माणसं रडत होती. पण खाण संपली तरी काम संपलं नाही. खालनं एवढा कोळसा काढलाय की वरची जमीन काही ठिकाणी २० मीटरच्या वर खचलीय. म्हणजे नदी वर आणि गाव खाली. पावसाचं पाणी उतारानं जाईल असं राहिलंच नाही, पंपानं उचलून नदीत टाकावं लागतं. खोल खाणीतलं खारट पाणी पण वर येऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून उपसावं लागतं. हे पंप बंद करायची तारीखच नाही. याला यांच्या भाषेत शब्दच आहे, एविगकाइट्सआउफगाबेन, म्हणजे अनंतकाळची कामं. कागदोपत्री 'अनंतकाळ' लिहिणारे जर्मनच 😅

पैसा कुठनं? २००७ ला एक फाउंडेशन काढलं, त्याच्याकडं एका मोठ्या केमिकल कंपनीचे शेअर दिले, त्याच्या उत्पन्नातनं वर्षाला २० कोटी युरोच्या वर खर्च चालतोय. मला पहिल्यांदा ऐकल्यावर हसू आलं. कोळसा काढणं संपलं आणि त्याच्या पंपासाठी कंपनी जगवायची!

---

शिळाप्रेमी | मंगळवार, रात्री १०:३३

हसू का यावं? आपल्याकडं हेच होतं की. देवापुढं नंदादीप कायम तेवत राहावा म्हणून राजा नुसता दिवा देत नव्हता, तेलासाठी जमीन लावून द्यायचा, तेल्याच्या घाण्यावर ठराविक तेल लावून द्यायचा. दिव्याला तेल, तेलाला जमीन, जमिनीला कूळ. तुमचं फाउंडेशन म्हणजे पंपाला लावून दिलेलं इनाम. फरक एवढाच की आपल्याकडं दिवाबत्तीच्या कितीतरी इनाम जमिनींवर पुढं बंगले उठले आणि दिवा विझला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मूळ प्रश्न 'आठवण कशी ठेवायची' यावर माझे दोन पैसे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत अणुकचरा मिठाच्या थरात खोल पुरतात, आणि १०,००० वर्षं तिथं कुणी खोदू नये म्हणून वर काय खूण करावी यावर १९९० च्या दशकात तज्ज्ञ बसवले होते. त्यांनी काट्यासारखे उंच दगड, भीतीदायक चेहरे, असले आराखडे काढले. भाषा बदलेल पण भीती कळेल असा हिशोब.

मी म्हणतो हा प्रयोग आपल्याकडं होऊन गेलाय आणि निकाल पण लागलाय. गधेगाळ बघितलेत का? शिलाहारांच्या काळातले दगड, आपल्या कोल्हापूरवर पण शिलाहारांचंच राज्य होतं. वर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालेल. मधे मजकूर. खाली गाढव आणि बाई, म्हणजे जो हे मोडेल त्याला गाढवाची शिवी. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात कोरलेली धमकी! अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२. हजार वर्षं झाली, दगड टिकला, चित्र टिकलं, अर्थ? कुठं त्याला शेंदूर लावून पूजा करतात, कुठं अपशकुनी म्हणून पालथा घातलाय. मी एका गावात (नाव सांगत नाही) बाईला त्यावर गोधडी आपटताना बघितलंय. दान कुठल्या जमिनीचं होतं, मोडलं कुणी, कुणालाही माहीत नाही.

दगड टिकतो हो. सांगणारा टिकत नाही.

---

मिसळकट | मंगळवार, रात्री १०:४७

आणि आपल्याकडं काटेरी भयानक दगड उभा केला तर पुढच्या अमावास्येला गुप्तधनवाले टिकाव-फावडं, लिंबू आणि कोंबडी घेऊन हजर. 'एवढं भ्या घातलंय म्हंजे खाली हंडाच असणार'

---

धनबादकर | मंगळवार, रात्री ११:०२

मिसळकट, चेष्टेत म्हणालात पण त्या तज्ज्ञांनाही हीच भीती होती. खूण केली की खोदणारा येतो. इजिप्तमधल्या काही थडग्यांवर शाप कोरले होते, त्यानं कुठला चोर थांबला?

---

खडीक्रशर | बुधवार, सकाळी ११:२०

सगळं वाचलं. आता शिव्या खायला मी आलो. माझा क्रशर आहे, परवान्यासकट.

तुमच्या स्लॅबमधली खडी झाडाला लागत नाही. रस्ता पाहिजे, बंगला पाहिजे, खण मात्र दुसऱ्याच्या गावात पाहिजे, असं कसं चालेल. दुसरं, मोठ्या खनिजाच्या खाणीला, बॉक्साइट वगैरे, बंद करायचा आराखडा आधीच द्यावा लागतो नागपूरच्या खाण ब्युरोला, आणि हेक्टरी हिशोबानं बँक गॅरंटी ठेवावी लागते. दगड-मुरूम हे गौण खनिज, ते जिल्ह्याच्या हातात. २०१२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासनं पाच हेक्टरच्या आतल्या छोट्या खाणीला पण पर्यावरण परवानगी लागू झाली. त्याच्या आधीच्या बारक्या खणी? रॉयल्टी भरली, दगड नेला, संपला विषय. तुमच्या पार्किंगखालची त्यातलीच असणार. तेव्हा 'बंद करणे' असा प्रकारच नव्हता, पाणी लागलं की खण आपोआप बंद व्हायची.

पण मदतीचं सांगतो. जुना सातबारा काढा, हस्तलिखित, कॉम्प्युटरच्या आधीचा. त्यात पोटखराब, म्हणजे पिकाला न चालणारी जमीन, किती दाखवलीय बघा, शेतजमिनीत एकदम पोटखराब वाढलेलं दिसलं की तिथं खण होती समजा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर मोठ्या खणी दाखवलेल्या असतात. आणि गुगल अर्थवर मागच्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, फुकट, तिथं पाणी भरलेला काळा चौकोन दिसेल. प्लॉट घेताना लोक वास्तुशास्त्र बघतात, ईशान्य कोपरा बघतात, हे कुणी बघत नाही.

---

सड्याकडची | बुधवार, दुपारी ४:०५

खडीक्रशर दादा, राग मानू नका पण त्या खाण बंद करायच्या आराखड्याचं मी बघितलंय. माझं माहेर राधानगरीकडं, सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या जांभ्या दगडाच्या पठाराच्या, पायथ्याला. वर बॉक्साइट काढलं, मी शाळेत असताना डंपर जायचे, घराची कौलं तांबडी व्हायची. नाव घेत नाही कुणाचं. आता ती जागा बंद आहे, माती पसरून झाडं लावलीत, रांगेत, शाळेच्या पोरांसारखी. फोटोत हिरवं दिसतंय. पण सड्यावर झाडं कधी नव्हतीच हो! सड्यावर गवत असायचं आणि श्रावण-भाद्रपदात इवलीइवली फुलं, निळी नि पिवळी, आम्ही गुरांमागं जायचो तर पायाखाली तुडवायला जीव व्हायचा नाही.

जांभ्याचा सडा म्हणजे स्पंज. पाऊस पितो आणि खाली चिकण थराला लागला की डोंगराच्या कुशीतनं झऱ्यानं सोडतो, हळूहळू, उन्हाळ्यापर्यंत. वरचा थर खरवडला की पाणी पडल्या पडल्या तांबडं होऊन भाताच्या खाचरात, आणि माघात झरा कोरडा.

आमच्या झऱ्याचं नाव 'चैताचं पाणी'. आईला विचारलं होतं का म्हणून, तर म्हणाली बाकीचे आटले तरी हा चैतापर्यंत वाहायचा म्हणून. एवढंच. आता तो संक्रांतीलाच संपतो. मागच्या वर्षी भाच्याला विचारलं, चैताचं पाणी का म्हणतात रे? तर म्हणाला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना तिथलं पाणी घेऊन जात असतील म्हणून. हसत हसत सांगितलं त्यानं, मला मात्र धस्स झालं. नाव राहिलं, नावाच्या आतली मोजणी गेली. कुणी शास्त्रज्ञानं मोजमाप केलं नव्हतं तिथं, तो झरा किती दिवस वाहायचा त्याची एकच नोंद होती, ती म्हणजे ते नाव.

आणि अजून, खाणीतनं काढलेला नको असलेला माती-दगड उताराच्या तोंडालाच ढीग करून टाकलाय. दर पावसाळ्यात वहिनी म्हणते रात्री झोप लागत नाही. आम्ही सांगितलं होतं त्या ढिगाखाली ओल आहे, तिथं आमची म्हसरं पाण्याला यायची. कुणी लिहून घेतलं नाही.

---

धनबादकर | बुधवार, सायंकाळी ६:३०

ताई, ढीग आणि खाली झरा हे ऐकून अंगावर काटा आला. आमच्या ट्रेनिंगमध्ये एबरफॅन शिकवायचे. वेल्समधलं कोळसा खाणीचं गाव, २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी शाळा भरलेली. डोंगरावर खाणीच्या टाकाऊ मालाचा सात नंबरचा ढीग झऱ्यांवरच टाकलेला, पावसानं फुगून खाली आला आणि शाळेवर गेला. १४४ माणसं, त्यातली ११६ पोरं. आणि ते झरे नकाशावर होते. गावानं तीन वर्षं आधी लेखी कळवलं होतं. वर कहर म्हणजे बाकीचे ढीग हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतनंच दीड लाख पौंड कापून घेतले, ते परत द्यायला १९९७ उजाडलं.

तुम्ही एक करा. ग्रामसभेत ठराव घाला, 'ढिगाखाली पूर्वी पाणवठा होता' एवढं एकच वाक्य, तारखेसकट, आणि ठरावाची नक्कल तहसीलला टपालानं देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, पोच घेतलेल्या कागदाला निदान उत्तर द्यावं लागतं. आणि पावसाळ्यात ढिगाच्या पायथ्याला नवीन पाणी फुटलं, किंवा चालू असलेलं पाणी अचानक थांबलं, किंवा वर भेग पडली, तर रात्र असो दिवस असो, पायथ्याची घरं मोकळी करायची. पाणी थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, ते आत साठत असतं.

---

सड्याकडची | बुधवार, सायंकाळी ६:५१

भावाला आत्ताच फोन केला. ठराव घालतो म्हणालाय. शेवटचं ते पाणी थांबायचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

---

मिसळकट | बुधवार, रात्री ९:४०

आता जरा सिरियस लिहितो. आठवणीवर लई विसंबू नका. आमचं घर पंचगंगेच्या अंगाला. २००५ च्या पुराची रेघ चुलत्यांनी भिंतीवर ऑइलपेंटनं मारली होती, तारीख घालून. २०१९ ला पाणी चढायला लागलं, राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, ती कवाच ओलांडली, तरी चुलते खुर्ची टाकून बसले. 'चौदा वर्सांत पाणी रेघेच्या वर गेलेलं न्हाई.' रेघ हीच त्यांची खात्री. ५५ फूट ७ इंचावर गेलं पाणी. बोटीत घालताना पण ते रेघेकडं बघत होते, ती दिसतच नव्हती.

म्हणजे आठवण नव्हती असं नाही. आठवण होती म्हणूनच अडकलो. आता घरात दोन रेघा आहेत आणि माझी बायको म्हणते तिसरीला जागा सोड.

---

एसेनचा_कोल्हापुरी | गुरुवार, रात्री १२:२०

मिसळकटचं वाचून जपानचं आठवलं. अनेयोशी म्हणून खेडं आहे, तिथं १९३३ च्या त्सुनामीनंतर दगड बसवला, 'याच्या खाली घरं बांधू नका'. २०११ ला लाट त्या दगडाच्या खाली थांबली, गाव वाचलं. किनाऱ्यावर असे दगड खूप आहेत, बऱ्याच ठिकाणी दगड असून लोक खाली बांधत गेले. तुझ्या चुलत्यांची रेघ 'इथवर आलं होतं' सांगते, तो दगड 'इथं हे करू नको' सांगतो. रेघेपेक्षा ते बरं वाटतंय मला.

---

शिळाप्रेमी | गुरुवार, सकाळी ८:१५

बरोबर आहे, पण 'करू नको' पण झिजतं. गधेगाळ 'करू नको'च म्हणत होता. मला वाटतं काहीतरी 'कर' लागतं, दरवर्षी हाताला काम लागेल असं. बैलपोळ्याला बैल नसलेलं घर पण मातीचा बैल आणतं की नाही? का ते न कळता का होईना आणतं, आणि एखादं पोरगं विचारतं का म्हणून.

---

खडीक्रशर | गुरुवार, सकाळी ८:५०

म्हणजे आता खणीची पण पूजा सुरू करा. वर्गणी मागायला माझ्याकडंच येणार तुम्ही.

---

उपनगरवाला | रविवार, रात्री ८:३०

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

खडीक्रशर यांचं ऐकून गुगल अर्थवर मागं मागं गेलो. जुन्या फोटोत बुजवत आणलेला काळा चौकोन दिसला, एका कोपऱ्यात थोडं पाणी अजून शिल्लक. स्क्रीनला बोट लावून बसलो होतो पाच मिनिटं. इंजिनिअर येऊन गेले. दोन भोकं मारली. एकीकडं बारा फुटांवर घट्ट काळा दगड. दुसरीकडं तीस फुटांपर्यंत नुसता कचरा, पुढं मशीन थांबवलं. बिल्डिंग बहुतेक दगडावर आहे, मागचा एक कॉलम बरोबर खणीच्या काठावर, त्याचं काम करावं लागणार. खर्चाच्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगत नाही, समजून घ्या.

आणि आज सकाळी आजोबांना परत आणलं. सोसायटीतली पोरं, आम्ही पाचसहा जण, आणि फक्कीची पिशवी. आजोबा काठी टेकत पुढं, मागनं मी फक्की टाकत. हितं काठ, हितं वळली, हितं पाण्याचं इंजिन बसवल्यालं, हितं माझा थोरला भाऊ पडला. तिथं थोडा वेळ थांबले आणि मग पुढं गेले. रेघ बागेतनं, घसरगुंडीच्या खालनं, शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला जाऊन भिडली. पलीकडच्या लोकांनी भिंतीवरनं विचारलं काय चाललंय, सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

कंपाउंडच्या कोपऱ्यापासनं टेपनं मापं घेऊन लिहून ठेवलीत, सोसायटीच्या मिनिट बुकात नकाशासकट चिकटवलीत, एक प्रत शेजारच्यांना दिली. मीटर रूमला जाळीची खिडकी पाडली. दगड बसवायचं ठरलं नाही, मजकुरावरनं एकमत होईना.

दुपारी साडेचारला वळवाचा पाऊस आला आणि फक्कीची सगळी रेघ धुऊन गेली. मी गॅलरीतनं बघत होतो, वाईट वाटलं जरा. पाऊस थांबल्यावर पोरं क्रिकेटला खाली आली. आउटफिल्डला कुठंवर चौकार यावरनं त्यांची रोजची भांडणं असतात. आज भांडण झालं नाही. रेघ नव्हती तरी सगळ्यांना ठावं होतं. बॉल घसरगुंडीच्या पलीकडं गेला की सगळी एका सुरात ओरडत होती, "खणीतऽऽ! आउट!"

---

धनबादकर | रविवार, रात्री ८:४४

भावाचं नाव विचारून घेतलंत का आजोबांच्या?

---

उपनगरवाला | रविवार, रात्री ८:५०

घेतलं. मिनिट बुकात त्या जागी लिहिलंय.